एगिलहार्टच्या पायाशी

“उघडू नका, फादर. पाया पडते तुमच्या.”

आणि आई खरोखरच फादर वेंडेलिनच्या पायाशी बसली. लिओबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं शहर ज्या दिवसाची वाट बघत होतं, तो दिवस टळावा म्हणून तिचीच आई गयावया करत होती.

फादरनी आईला हात देऊन खुर्चीत बसवलं. “क्रोयटरबाई, अहो, आर्चबिशप एगिलहार्टना संत म्हणायचं तर थडगं उघडून हाडं तपासावीच लागतात. नियम आहे तो. रोमला आठशे वर्षांनी एकदाची जाग आलीय आणि तुम्ही मोडता घालताय? तुमच्या लेकीमुळे तर हे सगळं घडतंय!”

यात खोटं काही नव्हतं. एगिलहार्टने दुष्काळात कॅथेड्रलची चांदी विकून गोरगरिबांना धान्य वाटलं आणि सम्राटाचा रोष ओढवून घेतला. तेव्हापासून तळघरातल्या त्याच्या थडग्यावर लोक पाव ठेवत, आणि भुकेला माणूस तो निमूट उचलून नेई. माणूस मोठाच होता. पण संतपदासाठी चमत्कार लागतो, आणि चमत्कार काय तो एकच होता. लिओबा.

युद्ध संपल्यानंतरचा तो उपासमारीचा हिवाळा. ऱ्हाइन गोठलेली, घरात कोळसा नाही की पाव नाही. बाप रशियातून परतलाच नव्हता. तीन वर्षांची लिओबा घटसर्पाने निळी पडली, तेव्हा आई तिला घोंगडीत गुंडाळून एगिलहार्टच्या थडग्यापाशी घेऊन गेली. सकाळी घरी आली तेव्हा पोर तिच्या कडेवर बसून पाव चावत होती.

आईने याची वाच्यता कुठेच केली नाही. बोभाटा केला तो झिबिलामावशीने. त्या रात्रीच्या जेमतेम आठवडाभर आधी ती त्यांच्याच पडक्या इमारतीच्या तळघरात राहायला आली होती.

“संध्याकाळी पाहिलं तर हिच्यात काही उरलं नव्हतं,” मावशी अजून येईल-जाईल त्याला सांगे. “उवांपायी डोकं भादरलेलं, एवढासा चेहरा, तोही सुजलेला. आणि सकाळी बघते तर गाल लाल! तापाने वाचा तेवढी नेली. कितीतरी महिने बोलली नाही. नावाने हाका मारा, ढिम्म बघायची नाही. पण जगली, बाई!”

फादरकडून परतल्यावर लिओबाने बटाट्याचं सूप गरम केलं. आईने चमचा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. तारीख ठरल्यापासून ती अन्नाला शिवत नव्हती. डोळे पार खोल गेले होते. हे असंच चाललं तर आई हातची जाईल, या भीतीने लिओबाला रडू कोसळलं.

“तुला कसली भीती वाटतेय ते तरी सांग! बॉम्बने थडग्याचा कोपरा उडाला होता, बुजवेपर्यंत तो उघडाच होता, म्हणून? चोरांनी नेलं असेल सगळं? पेटी रिकामी निघेल?”

“रिकामी?” आई कसंनुसं हसली. “नाही गं.”

“मग? अगं, त्यांच्यामुळे मी आहे. मला एकदा त्यांना बघायचंय.”

आई भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिली. कानटोपीत अर्धा चेहरा बुडालेली छोटी लिओबा, हातात लाल-करड्या पट्ट्यांचे हातमोजे. बापाचे पायमोजे उसवून आईने ते विणले होते. चमत्काराच्या त्या रात्रीच ते कुठेतरी हरवले, असं ती सांगे.

“उद्या तू येऊ नकोस तिथे,” आई म्हणाली. “माझं एवढं ऐक.”

“मी नको? सगळे मलाच बघायला येणार आहेत!”

“मग माझा हात सोडू नकोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी कॅथेड्रलच्या पायऱ्या उतरल्या. तळघरात आईने नेहमीप्रमाणे एक मेणबत्ती विकत घेतली आणि लिओबाच्या हातात दिली. ही मेणबत्ती एगिलहार्टसाठी नसे. लिओबा वाचली त्याच रात्री थडग्याशेजारी एक निर्वासित बाई थंडीने गारठून मेली होती. पूर्वेकडच्या सिलेसियाची होती म्हणे; नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, पिशवीत फक्त एक छोटासा झगा निघाला होता. तिच्यासाठी दरवर्षी मेणबत्ती लागे, आणि ती लिओबानेच लावायची, असा आईचा हट्ट असे. आजही लिओबाने ती लावली.

मग फादर वेंडेलिननी सगळ्यांसमोर फर्मान वाचलं. “या पेटीतून जो काही काढेल, किंवा हिच्यात काही ठेवेल, तो चर्चमधून बहिष्कृत होईल.”

आईने मान खाली घातली. लिओबाने तिचा हात घट्ट दाबून धरला.

गवंड्यांनी पहारी लावून दगडी झाकण सरकवलं. डॉक्टर दिवा घेऊन वाकले.

“आहेत,” डॉक्टर म्हणाले. “उंच पुरुष. अंगठीसुद्धा जागेवर आहे.”

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. झिबिलामावशी मोठ्याने रडायलाच लागली. लिओबा आईच्या कानाशी पुटपुटली, “बघ, उगाच जिवाला घोर लावून घेतलास.”

डॉक्टर मात्र अजून वाकलेलेच होते. दिवा पेटीच्या दुसऱ्या टोकाकडे, बुजवलेल्या कोपऱ्याकडे सरकला.

“फादर,” ते हळूच म्हणाले, “जरा इकडे येता?”

फादर गेले आणि त्यांनी छातीवर क्रूस काढला. लिओबाही दोन पावलं पुढे झाली. आर्चबिशपच्या पायाशी कुजलेल्या घोंगडीचं एक लहानसं गाठोडं होतं, आणि त्यातून लाल-करड्या पट्ट्यांचे दोन हातमोजे बाहेर आले होते.

आईने तिचा हात सोडला. पेटीच्या काठाला धरून ती गुडघ्यांवर बसली आणि आत वाकली.

“लिओबा,” तिने हाक मारली. “थंडी वाजली का गं, माझ्या बाळा?”

“आई, मी इथे आहे,” लिओबा म्हणाली.

आईने मागे वळून पाहिलं नाही.