पीचचा वास

"पोरगी शिकलेली, म्हनून बायजानं तिचं ऐकलं," सखू म्हणाली. "न्हाईतर साखरेची सुई कशी चुकली असती?"

बायजाबाईला जाऊन महिना झाला होता. सकाळी बुद्धवंदना झाली, जेवणं उरकली, आणि खांदेश्वरच्या त्या दोन खोल्यांत आठ-दहा पाहुणे चहाची वाट बघत बसले होते. सखू बायजाबाईची थोरली बहीण, जालन्याहून आलेली. चहा आत गंगारामची मुलगी अक्षता करत होती. मधे फक्त पडदा होता.

गंगाराम बायकोच्या फोटोखाली बसला होता. तो खाली बघत राहिला.

सखू खोटं बोलत नव्हती. तापात बायजाबाईला अन्न जात नव्हतं. अक्षताच म्हणाली होती, "मम्मी, जेवली नाहीस तर इन्शुलिन नको घेऊ. शुगर एकदम खाली जाईल." चार दिवस सुई घ्यायची राहिली. पाचव्या दिवशी सकाळी बायजाबाई हाकेला ओ देईना.

पण सखूला निम्मंच माहीत होतं.

गंगाराम पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ऑपरेटर होता. तिथे टाकीत एरंडेल तेलावर यीस्ट वाढवून पीचचा वास तयार करत. गेटमधून फळ एकही आत येत नसे. तरी आइस्क्रीमवाले तो वास नैसर्गिक म्हणून घेत, आणि तो नैसर्गिकच होता. सॅम्पल काढलं की मॅनेजर प्रसाद साहेब आधी त्याला हाक मारत. "लॅबचा रिपोर्ट येईल तेव्हा येईल. गंगाराम, तू सांग." गंगाराम बाटलीला नाक लावायचा आणि सांगायचा, अजून सहा तास. किंवा, बॅच गेली. चौदा वर्षांत तो दोनदाच चुकला होता.

वास कपड्यांना चिकटून घरी यायचा. पीचचा, आणि त्यात अर्क काढायच्या सॉल्व्हंटचा, नेलपॉलिशसारखा. बायजाबाई दार उघडताना म्हणायची, "आलं बघ आइस्क्रीम."

त्या आठवड्यात तो तिच्या उशाशी बसला की तसाच वास यायचा. गोडसर, उतरलेल्या फळासारखा, वर थोडा नेलपॉलिशचा. त्याला वाटलं, आपलाच शर्ट. त्याने शर्ट बदलला. शुक्रवारी त्याला सुट्टी होती. अंघोळ झाली होती, अंगावर धुतलेले कपडे होते. तरी वास आला. त्याने खिडकी उघडली आणि टीव्ही लावला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं, "यांच्या तोंडाला फळासारखा वास येत होता का? इन्शुलिन अजिबात नसलं की येतो. तेव्हाच आणलं असतं तर हातात वेळ होता."

अक्षता शेजारी उभी होती.

"नाही," गंगाराम म्हणाला.

मग सगळं सुईवर आलं आणि सुई अक्षतावर. महिनाभर ती कॉलेजला गेली नव्हती. जेवायला बसायची, दोन घास खाऊन ताट सरकवायची. गंगाराम रोज ठरवायचा, आज सांगू. रोज ड्यूटीची वेळ व्हायची.

"असू दे गं सखू," कोणीतरी म्हणालं.

"का असू दे? माझी बहीन गेली. आईला खाल्लं पोरीनं."

गंगाराम उठला. पडदा सरकवून आत गेला.

अक्षता कपांत चहा ओतत होती. एक थेंब बाहेर सांडला नव्हता.

"मला वास येत होता," तो म्हणाला. "मम्मीच्या तोंडाचा. आधी वाटलं, माझ्या कपड्यांचा. शुक्रवारी कळलं की कपड्यांचा नाही. तरी मी बसून राहिलो. डॉक्टरला खोटं सांगितलं. तू काही केलं नाहीस, पोरी. मी केलं."

बोलून झालं आणि त्याला हलकं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदाच. आता ती रडेल, असं त्याला वाटलं. निदान आपल्याकडे बघेल. तो थांबून राहिला.

अक्षताने पातेलं खाली ठेवलं. ओट्याची कड फडक्याने पुसली. मग विचारलं,

"एवढं हळू का बोलताय, पप्पा?"

गंगाराम पडदा सरकवून बाहेर आला. सखूने सतरंजीवर सरकून त्याला जागा केली.

"या दाजी, बसा. लई सोसलं तुमी."

तो बसला नाही.