दोघांपुरती गोधडी
“खिडकी कुठं काढायची ते हिला विचार,” हौसा जगन गवंड्याला म्हणाली आणि शेणाची पाटी उचलून गोठ्याकडे गेली.

जगनने मालूकडे पाहिलं. ती भिजवलेल्या विटा हातात देत होती. मला कशाला विचारता, मी कुठं राहणार हाय हितं, असं तिच्या अगदी ओठावर आलं.

“शेताकडं काढा,” ती म्हणाली. “सकाळचं ऊन येतं तिकडनं.”

गडब गावातल्या त्या घराची मागची पडवी कुडाची होती. यंदा भात झोडून झाल्यावर हौसाने ती पाडली आणि तिथे विटांची खोली काढायला घेतली. वर मंगलोरी कौलं, खाली कोबा. कशासाठी, ते तिने कुणाला सांगितलं नाही. हौसा मुळात कमी बोलायची. नवरा गेला तेव्हाही लोकांसमोर रडली नव्हती.

मालू तिची सून. खरं तर आता सूनही नव्हे. हौसाचा एकुलता एक मुलगा गुणाजी रोह्याला कंपनीत लागला, तिथेच दुसऱ्या बाईबरोबर संसार मांडून बसला, आणि गावकीसमोर मालूशी त्याची रीतसर काडीमोड झाली. मालूचा भाऊ माहेरच्या गावाहून, जित्याहून, तिला न्यायला आला, तेव्हा हौसा एवढंच म्हणाली, “लावणी होऊ दे. मग बघू.” लावणी झाली, कापणी झाली, पुन्हा लावणी आली. विषय कुणी काढला नाही. मालू राहिली ती राहिलीच.

यंदा मात्र हौसा वरचेवर रोह्याला जाऊ लागली. ठेवणीतलं लुगडं नेसून सकाळची एसटी धरायची आणि दिवेलागणीला परतायची. कुठे गेली होती, हे मालूने विचारलं नाही. रोह्यात सासूचं दुसरं होतं कोण?

शेजारची मैना मात्र बोललीच. “गुणाजीच्या बायकोला दिवस गेलेत म्हणतात. म्हातारीचं आतडं नातवाकडं ओढणारच गो. तू आपलं बघ काय ते.”

भिंती उभ्या राहिल्यावर हौसाने माळ्यावरून जुन्या लुगड्यांचं बोचकं खाली काढलं.

“गोधडी शिव. मोठी. दोघांपुरती.”

“कोणाला?”

“नव्या खोलीत लागंल.”

मालूने चिंध्या निवडायला घेतल्या. गुणाजीचा एक निळा सदरा हाताला लागला, तो तिने बाजूला ठेवला. हौसाने तो उचलून चुलीपाशी टाकला.

“त्याचं नको.”

बरोबर आहे, मालूला वाटलं. लेक घरी येणार, त्याच्या अंगाखाली त्याचीच फाटकी कापडं कशी चालतील?

पहिले दोन दिवस ती रागानेच शिवत होती. लांब लांब टाके घालायची. मनात म्हणायची, एका पावसाळ्यात उसवू दे. पण एका दुपारी जगनने खिडकीची चौकट बसवली आणि समोरची भाताची खाचरं तिच्यात नीट मावली. मालू काम टाकून बघत राहिली. मग तिने घातलेले सगळे टाके उसवले. हिरव्या लुगड्यांचे लहानमोठे तुकडे पुन्हा कापले, एकमेकांना भिडवले आणि मधून पांढऱ्या पट्ट्या फिरवल्या, बांधासारख्या. कडेला एका जागी तपकिरी कापडाचा उंचवटा केला, तो खळ्याचा. टाके इतके बारीक पडू लागले की मैनाही वाकून बघू लागली.

ज्या बाईने आपला नवरा घेतला ती हे पांघरणार, हे मालूला ठाऊक होतं. तरी हात वाईट काम करायला तयार होईनात.

“चुन्यात नीळ किती घालू?” हौसाने एकदा विचारलं.

“थोडीच. आभाळ जसं पाऊस गेल्यावर दिसतं ना, तेवढी.”

तेवढीच घातली. खोली छान झाली. मालूला ते सहन होईना.

“आत्या, मी जित्याला जाऊ काय?”

हौसा सुपातले वाल निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“गोधडी होऊ दे.”

मालूने सुई पुन्हा हातात घेतली. गोधडीची शेवटची कड मुडपून झाली, त्याच दिवशी हौसा रोह्याहून परतली आणि तांब्याभर पाणी पिऊन म्हणाली, “तयार झाला तो एकदाचा. रविवारी तिघं येतायत. वालाचं बिरडं कर. आणि बरं लुगडं नेस, असल्या अवतारात समोर येऊ नको.”

तिघं. तो, ती आणि कदाचित तिची आई, बाळंतपणासाठी. मालूने हिशेब जुळवला.

रविवारी तिने स्वयंपाक केला. नव्या खोलीत खाटेवर गोधडी अंथरली, तिच्यावरून एकदा हात फिरवला. मग आपली दोन लुगडी गाठोड्यात बांधली. वाढून झालं की मागच्या दाराने निघायचं, असं तिने ठरवलं होतं. पण अंगणात जीप थांबली आणि तिला वाटलं, नकोच. तोंडावर सांगून जाऊ. ती गाठोडं घेऊनच ओसरीवर आली.

जीपमधून एक म्हातारा उतरला. मागोमाग डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी. आणि शेवटी पस्तिशीचा एक सावळा माणूस, मालूने कधी न पाहिलेला. तो चपला काढून खाली बघत उभा राहिला.

मालूने रस्त्याकडे नजर टाकली. मागे दुसरी गाडी नव्हती.

“गुणाजी कुठाय?” तिने हळूच विचारलं.

“तो कशाला येतोय?” हौसा म्हणाली. तिने मालूच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं आणि पाहुण्यांकडे वळली. “या, बसा. ही माझी लेक, मालू. तुमच्या पुंडलिकनं हिला बघावं, हिनं त्याला बघावं. पटलं तर जावई हितंच राहील. नाय पटलं, तरी घर हिचंच हाय.”