चीर

अष्टमी गावच्या लाकडाच्या वखारीत मोतीराम बँडसॉवर, म्हणजे पट्ट्याच्या करवतीवर, सागाचा ओंडका कापत होता. मी मागे फळ्या रचत होतो. पट्ट्याचा आवाज जरासा बदलला, तसं मी ओरडून मशीन बंद करायला लावलं. मोतीरामने पट्टा उतरवला, पुसला, उन्हात धरून पाहिला. दाताच्या मुळाशी केसाएवढी चीर होती. चालू मशीनवर पट्टा तुटला असता, तर मोतीरामच्याच अंगावर आला असता.

"पुंडलिकदादा, कान हाय का डॉक्टरची नळी?" तो म्हणाला. "एवढ्या गोंगाटात कसं कळलं तुला?"

"रोज ऐकतो ना."

शेठने सगळ्यांसमोर शाबासकी दिली, चहा मागवला. मला त्या चहाची किळस आली, शाबासकीची आली, माझ्या कानांची तर जास्तच. पेला तसाच ठेवून मी चाकाला चिकटलेला ओला भुसा खरवडत बसलो.

माझी बायको हौसा मरायच्या आधी चार महिने खोकत होती. "माझ्या कपड्यातल्या भुशाने होतंय गो," असं मी तिला दर वेळी सांगायचो. शेवटी शेवटी त्या खोकल्याचा आवाज बदलला होता. तोही मी रोज ऐकत होतो.