ट्रॅक्टरची घूंघूं
"त्या ट्रॅक्टरची घूंघूं आधी बंद कर, डोकं उठलंय," अण्णा खिडकीतून रोज अंगणातल्या मुलावर कुरकुरत. गवत कापायचा, गिअरऐवजी तेलाच्या पंपावर चालणारा तो जुना ट्रॅक्टर. त्याच्यावर बसून त्यांनी तीस वर्षं शाळेचं मैदान राखलं होतं, कानात साधा कापसाचा बोळाही न घालता.

मुलाने एका रविवारी सायलेन्सर बदलला, दुसऱ्या रविवारी पंपाचं तेल. तिसऱ्या रविवारी इंजिनाखाली नवे रबर बसवताना बोटं सोलली, कंबर धरली. घामाघूम होऊन तो हात पुसतोय, तोच खिडकी उघडली.

"बघ, अजून घूंघूं चालूच आहे."

मुलाने पाना आपटला.

"अहो अण्णा, किल्ली सकाळपासून माझ्या खिशात आहे," तो खेकसला, आणि मग त्याची नजर अण्णांच्या कानांकडे गेली.