पहिलं नाव

“अकराच्या अकरा पेपरांत तुमचं नाव शेवटी,” प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत अध्यक्ष म्हणाले. “जगभरात दोनशे जणांनी त्यांचा संदर्भ दिलाय खरा, पण श्रेय पहिल्या नावाचं. म्हणजे आगाशे सरांचं.”

मला हसूच आलं. “सर माझे गाइड होते. पण गणितात नावं इंग्रजी वर्णक्रमानं लावतात. आगाशे आधी, वझलवार शेवटी. त्यांतली सगळी प्रमेयं मी सिद्ध केलीत.”

“हा क्रम कधीच मोडत नाहीत?”

“कधीच नाही!”

त्यांनी एक छापील पान पुढे सरकवलं. आमचा बारावा पेपर. सरांनी हॉस्पिटलमधून पाठवलेला, ते गेल्यावर कालच प्रसिद्ध झालेला. मी अजून पाहिलाही नव्हता. वझलवार, आगाशे. खाली सरांची तळटीप होती: ‘यातलं काम माझ्या विद्यार्थिनीचं, म्हणून या वेळी तिचं नाव आधी.’

माझे डोळे भरून आले.

“म्हणजे क्रम कामावरूनच ठरतो,” अध्यक्षांनी फाइल मिटली. “मग आधीच्या अकरांत काम कुणाचं होतं?”

खरं सांगू शकणारे एकटे सर होते, आणि ते आपलं म्हणणं छापून गेले होते.