पांढरे ठिपके

मासळीबाजारात वनिताच्या हातून पाटी तिसऱ्यांदा पडली, तेव्हा तिची सासू पुतळाबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, "कामाच्या वक्ताला बरोबर हात गळतो, आनि घरी गेली की रडायला बसते. सगळी नाटकं."

आज जानू बायकोला मुंबईच्या डॉक्टरांना दाखवून लाँचने उरणला परतला. चप्पल न काढताच त्याने नव्या मशीनवर काढलेला वनिताच्या मेंदूचा फोटो खिडकीच्या उजेडात आईसमोर धरला.

"हे पांढरे ठिपके बघ. मेंदूला सूज हाय. मल्टिपल स्क्लेरोसिस बोलतात. हात त्यानेच गळतो. सारखं रडू येतं, जीव नकोसा होतो, ते पन त्यानेच, डॉक्टर बोलले. आता बोल, नाटकं."

वनिता दारातच थांबली. पुतळाबाई फोटो हातात घेऊन एकेका ठिपक्यावर बोट टेकवत राहिली.

"जानू," सुनेकडे न बघता ती म्हणाली, "तू झालास तेवापासून मला पन असंच रडू येतं. नाटकं म्हनतील म्हनून कुनाला बोलले नाय. माझा पन काढतील का रे असा फोटो?"