कातळावरचा आठवा जोड

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी नाशिकच्या सात पाहुण्यांना जव्हारहून जीपने दाभोशाचा धबधबा दाखवायला नेलं. खालच्या वाटेवर शेवाळ असतं, पाय सटकतो. म्हणून मी सगळ्यांना चपला वर कातळावरच काढायला लावतो. परतताना तिथं एकही जोड उरला नाही, की गाडी चालू करायची. माणसं मोजायची माझी हीच रीत. मी स्वतः कधी खाली उतरत नाही. जीपला टेकून विडी ओढत बसतो.

दुपारी सातही जण धापा टाकत वर आले. घाईघाईत त्यांनी चपला पायांत सरकवल्या आणि मला बघून जागीच थबकले.

"मेहबूबभाई, तुम्ही वर कसे आलात?" त्यांच्यातल्या कुमुदताईंनी विचारलं. "आत्ता आमच्यासमोर डोहात बुडालात तुम्ही. किती हाका मारल्या!"

"मी तर इथंच बसलोय, ताई. सकाळपासून."

"अहो, तुम्हीच चपला काढून आमच्यापुढे उतरलात ना!"

मी कातळाकडे गेलो. सगळ्यांच्या चपला त्यांच्या पायांत होत्या, तरी तिथं एक जोड उरला होता. डाव्या चपलेचा अंगठा लाल दोऱ्याने शिवलेला होता. तो मी कालच बाजारात शिवून घेतला होता.

कातळ उन्हाने तापला होता. त्यावर मी उभा होतो आणि माझ्या तळपायांना गार, वाहतं पाणी लागत होतं.

खाली पायांकडे बघायचा धीर मला होईना.